मोरी

नोकरी गेल्याचा कॉल पंधरा मिनिटांचा होता आणि त्यातली शेवटची पाच मिनिटं मी धड ऐकलीच नाहीत. कारण मोरी माझ्या नवऱ्याचा मोजा तिच्या पाण्याच्या भांड्यात बुडवत होती. बुडवायचा, बाहेर काढायचा, माझ्याकडे बघायचं, परत बुडवायचा. एचआरच्या बाईंनी विचारलं, काही प्रश्न आहेत का? मी नाही म्हटलं, म्यूटचं बटण दाबलं आणि ओरडले, "मोरी, सोड म्हणते ना!" म्यूट झालं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

ही जानेवारी २०२३ची गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात राहत होतो. मासेमारीचं जुनं बंदर आहे. बॉस्टनपेक्षा भाडं कमी आणि माझं काम घरून, म्हणून तिथे. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. माझा व्हिसा नोकरीवर, नवरा माझ्या व्हिसावर, आणि मोरी कुणाच्याच व्हिसावर नाही, ती तिथलीच नागरिक. त्या रात्री आम्ही तिघंही एकाच सोफ्यावर बसून होतो, आणि झोप फक्त तिलाच लागली.

मोरी ही पोर्तुगीज वॉटर डॉग. पोर्तुगीजमध्ये 'काँव द आगुआ', म्हणजे सरळ 'पाण्याचं कुत्रं'. नाव ठेवताना कुणी फार डोकं लढवलेलं दिसत नाही. काळी कुळकुळीत, वीस किलोची, अंगभर कुरळे केस, पायाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा. मोरी हे नाव मी ठेवलं. मी वेंगुर्ल्याची, आमच्याकडे मोरी म्हणजे छोटा शार्क, आणि आईच्या हातचं मोरीचं मटण हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. नवरा साताऱ्याचा, त्याच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची, अंघोळ करायची जागा. "कुत्रीचं नाव न्हाणीघर?" असं म्हणून तो दोन दिवस हसत होता. महिन्याभरात त्याचाच अर्थ खरा ठरला. ती जिथे बसेल तिथे पाणी.

कुत्रं ही माझी हौस. नवऱ्याला ॲलर्जी. म्हणून शोधत शोधत या जातीपर्यंत आलो, ज्या कारणाने ओबामांचं कुटुंब आलं होतं त्याच कारणाने. त्यांच्या मोठ्या मुलीला ॲलर्जी होती, आणि २००९मध्ये सिनेटर टेड केनेडींनी त्यांना 'बो' भेट दिला. या कुत्र्यांना आतला लोकरीचा थर नसतो, केस माणसासारखे वाढत राहतात आणि फारसे गळत नाहीत. पण 'ॲलर्जी न होणारं कुत्रं' ही जाहिरात झाली. ॲलर्जी केसांची नसतेच, ती लाळेची आणि कातडीच्या कोंड्याची असते, आणि लाळ मोरीकडे भरपूर. नवरा रोज रात्री गोळी घ्यायचा आणि तिला पोटाशी घेऊन झोपायचा.

केस गळत नाहीत याचा दुसरा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नव्हता. गळत नाहीत म्हणजे तिथेच गुंततात. चार दिवस फणी फिरवली नाही की कानामागे, काखेत नारळाच्या काथ्यासारखे गठ्ठे. समुद्रातून आली की आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग कान आतून कोरडे करायचे, नाहीतर ते पिकतात. आणि हे सगळं करताना ती गप्प उभी राहील तर शपथ. सकाळी सहाला एक तास पळवून आणलेली मोरी साडेसातला खुर्चीचा पाय चावत असायची. ब्रीडर बाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, की हिला काम द्या. तुम्ही दिलं नाहीत तर ती स्वतः शोधेल, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

काम म्हणजे काय, तर पोर्तुगालच्या दक्षिणेला अल्गार्वच्या किनाऱ्यावर ही कुत्री कोळ्यांच्या बोटींवर असायची. मासे जाळ्याकडे हाकायचे, पाण्यात पडलेलं जाळं, दोर, बोया बुडी मारून आणायचं, एका बोटीवरचा निरोप दुसऱ्या बोटीवर पोचवायचा. मागचा अर्धा भाग आणि तोंड भादरून छातीवर केस ठेवायची सिंहासारखी पद्धतही त्यातूनच आली असं सांगतात: पाय पोहायला मोकळे, छाती थंडीपासून झाकलेली. मग मासेमारी बदलली आणि कुत्र्यांचं काम संपलं. काम संपलं तशी जातही संपत आली. १९३०च्या दशकात लिस्बनच्या वास्को बेनसौदे नावाच्या धनिकाने अल्गार्वमधून एक नर मिळवला, लेआंव, म्हणजे सिंह. आजची बरीचशी कुत्री कुठे ना कुठे त्याच्यापर्यंत जातात. १९७२मध्ये अमेरिकेत या जातीचा क्लब निघाला तेव्हा तिथे जेमतेम डझनभर कुत्री होती. इतक्या थोड्यांतून एवढा पसारा वाढला की आजारही सोबत येतात. म्हणून चांगले ब्रीडर पिल्लांच्या आईबापांच्या डोळ्यांच्या आणि जनुकांच्या चाचण्या करून घेतात.

बेकार झाल्यावर हे सगळं मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसायचे. अर्ज भरायचे तेव्हा.

पगार हा शब्द मूळचा पोर्तुगीज, हे शाळेत बाईंनी सांगितलं होतं. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार. आमच्या घरातल्या पोर्तुगीज गोष्टींपैकी सगळ्यात महत्त्वाची अशी गेली आणि सगळ्यात खर्चिक उरली.

दिवस मोकळे होते, म्हणून मी मोरीला रोज बंदरावर न्यायला लागले. फेब्रुवारीत तिथलं पाणी तीन-चार अंशांवर असतं. ती त्यात उडी मारायची, आणि मी दोन जॅकेटं घालून काठावर मोजत राहायचे, दोन मिनिटं झाली, ये आता. न्यू बेडफर्डमध्ये पोर्तुगीज लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. धक्क्यावर एक म्हातारे आजोबा रोज भेटायचे, अझोर्स बेटांवरून लहानपणी आलेले, आयुष्य बोटीवर काढलेले. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, ही तुमच्याकडचीच, ओळखलीत का? ते म्हणाले, "असलं कुत्रं मी पहिल्यांदा पाहिलं ते ओबामाकडे. टीव्हीवर." अझोर्सपासून पोर्तुगालची मुख्य भूमी जवळपास दीड हजार किलोमीटरवर आहे, हे मी घरी येऊन नकाशात बघितलं. सातारकराला मोरीचं मटण विचारण्यासारखं झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी ते जाड दोराचा एक तुकडा घेऊन आले आणि पाण्यात भिरकावला. मोरीने डोकं पाण्याखाली घातलं, दोर आणला आणि माझ्याकडे न येता त्यांच्या पायाशी ठेवला. मग रोज तेच. तेवढी वीस मिनिटं दोघंही कामावर असायचे. मी बाजूला बसून लिंक्डइन बघायचे.

चाळिसाव्या दिवसापर्यंत सात मुलाखती झाल्या होत्या आणि सात नकार. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, "मोरीचं काय?"

मला वाटलं होतं हा प्रश्न नाहीच. पण तो होता. ब्रीडर बाईंच्या करारात कलम होतं, कुत्रं सांभाळणं जमलं नाही तर ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, त्यांच्याकडेच परत करायचं. त्या मेनमध्ये राहतात, दारात खाडी, घरात मोरीच्या दोन मावश्या. फोन केला तर म्हणाल्या, कधीही आण. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं: वेंगुर्ल्याला एप्रिलमध्ये घामाने आपला जीव जातो, हिच्या अंगावर एवढं जंगल, औषधं मिळतील न मिळतील, आपण तिला आपल्यासाठी नेतोय. मी म्हटलं, अल्गार्वमध्येही उन्हाळ्यात तापतंच. तो म्हणाला, "तिथे कोकणासारखा दमटपणा आहे का?" मी गप्प. त्याचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि मला त्याचा राग येत होता. नोकरी गेली, घर जाणार, आठ वर्षांचं सामान दोन बॅगांत बसवायचं, त्यात हीसुद्धा? हा मोरीच्या भल्याचा विचार नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं.

मी कागदपत्रं करायला घेतली. किमान दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला पाळीव प्राणी आणता येत होता, जास्तीत जास्त दोन. चिप, रेबीजची लस, सरकारी शिक्क्याचा आरोग्य दाखला, इकडच्या प्राणी विलगीकरण कार्यालयाची परवानगी. सत्तावन्नाव्या दिवशी आम्ही उडालो. पिंजऱ्यातल्या वाटीत पाणी सांडू नये म्हणून बर्फ करून ठेवतात. मुंबईत तिला बाहेर काढलं तेव्हा वाटी कोरडी होती आणि ती थरथरत होती. मला चाटलं नाही तिने. नवऱ्याकडे गेली.

वेंगुर्ल्याला आईने दार उघडलं आणि म्हणाली, "ह्यां मेंढरू खंयसून हाडलंस?"

पहिल्याच आठवड्यात मी तिचे सगळे केस उतरवले. सिंहबिंह काही नाही, सरसकट. आतून एक बारीकशी, ओळखू न येणारी कुत्री निघाली. गावठी कुत्र्यांनी तिला गेटवरूनच निकालात काढलं. दुपारभर ती न्हाणीघराच्या लादीवर पडून असायची, नावाप्रमाणे. पोहायला पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री. आणि जूनमध्ये गोचिडांनी गाठलं. इतके केस नसते तर ती एक गोचीड मला आधी दिसली असती. तापाने फणफणली, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्याफटक. भर पावसात म्हापशाला नेलं. डॉक्टरांनी प्लेटलेट्सचा आकडा बघून मला बसायला सांगितलं. महिनाभर गोळ्या चालल्या. त्या रात्री गाडीत ती माझ्या मांडीवर होती आणि गाडी चालवणारा नवरा "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

मेनच्या बाईंना मी हे कळवलं नाही. मोरीचे फोटो पाठवते, पोहतानाचे.

ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर रापण लागली. आता मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते, पगार डॉलरमध्ये मोजायचा नाही असं ठरवलंय. त्या सकाळी मीटिंग नव्हती. होडीने अर्धगोल जाळं टाकलेलं, दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत होती. रापणीत जो ओढेल त्याला वाटा, म्हणून आईही पदर खोचून रांगेत. मी मोरीला पट्ट्याने धरलं होतं. एका क्षणी तिने मान अशी काही वळवली की पट्टा माझ्या हातात आणि ती पाण्यात.

जाळ्याच्या बाहेरून ती पोहायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागे. न भुंकता. जाळं जसं आवळत येत होतं तशी तिची फेरी लहान होत होती. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. एक म्हातारा रापणकर ओढायचं थांबून म्हणाला, "गुरां राखता तशी राखता मरे ही!" माझा ऊर भरून येतोय न येतोय तोच तिने जाळ्याचा एक तरंगता गोळा तोंडात धरला आणि कामाला लागल्यासारखी खोल समुद्राकडे ओढायला सुरुवात केली. जाळ्याची कड खाली गेली आणि त्या फटीतून चंदेरी तारल्यांचा एक लोंढा मोकळा. मग जे शब्द माझ्या आणि तिच्या कानांवर पडले ते इथे लिहिता येत नाहीत. नवरा कपड्यांनिशी पाण्यात उतरून तिला घेऊन आला.

तरी बांगडे बरे लागले होते. वाळूत वाटे मांडले गेले. आईच्या वाट्याला पाच आले. मी मान खाली घालून उभी होते. त्याच म्हाताऱ्याने सहावा बांगडा उचलून बाजूला ठेवला.

"ह्यो तिचो," तो म्हणाला. "पण फाल्यां तिका घराक बांधून ठेव."

मोरीने बांगडा अलगद तोंडात धरला, लाटेपर्यंत गेली, पाण्यात बुडवला, बाहेर काढला आणि माझ्याकडे बघितलं.