विसराचा वारसा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे हसत हसत म्हटली जाते. आमच्या माहेरी ती कोणी म्हणत नाही. आजीला उतारवयात घरची माणसे ओळखू येईनात, तेव्हा ‘म्हातारी चळली’ एवढे बोलून गाव मोकळे झाले. पुढे माझ्या मायची तीच गत झाली. आता धाकट्या मावशीची होत आहे. तिसऱ्या पिढीत मी आहे आणि माझे वय बावन्न आहे. वर्षावासात विहारातून परत येताना माझ्या मुलीने विचारले, “आई, तुलाही होईल का गं? आणि मग मला?” असा प्रश्न इतरही घरांत मनातल्या मनात विचारला जात असेल, म्हणून हे लिहिते आहे.

माय १९४४ सालची, मूल तालुक्यातली. परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चांद्याला धम्मदीक्षा दिली. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि आपल्या बाबरोबर बंडीने चांद्याला आली होती. आजार वाढल्यावर मी तिची कोण, हे तिला सांगता येत नसे. पण चांद्याची ती गर्दी, धुऊन पांढरीशुभ्र केलेले तिच्या आईचे लुगडे, वाटेत बसून राहिलेला बैल, हे सारे ती काल घडल्यासारखे सांगे. त्रिसरण, पंचशील एक शब्द न चुकता म्हणे. त्यावरून काही बाया म्हणत, ‘हिला काही झाले नाही, सोंग करते.’ हे सोंग नव्हते. या रोगात मेंदूचा नव्या आठवणी साठवणारा भाग बहुधा आधी निकामी होतो. लहानपणीचे आणि हजार वेळा म्हटलेले उशिरापर्यंत टिकते.

सुरुवात अगदी साधी होती. भाजीत दोनदा मीठ पडायचे. धान विकल्याचे पैसे मिळाले का, हे ती एकाच दुपारी चार वेळा विचारायची. मग एका संध्याकाळी ‘बा वाट पाहत असेल’ म्हणून ती एकटीच जंगलाच्या वाटेने निघाली. आमच्या भागात दिवे लागल्यावर माणूस त्या वाटेला जात नाही, कारण वाघ शेताच्या धुऱ्यापर्यंत येतो. सारे गाव बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन निघाले. ती नाल्याच्या काठावर बसलेली सापडली. त्या दिवसापासून दाराला वरची कडी लागली आणि वहिनीचे घराबाहेर पडणे संपले. नऊ वर्षे तिने हे केले. अशा आजाराची गोष्ट सांगताना लोक रोग्याविषयी बोलतात, पण घरातली सून आणि लेक त्यात किती झिजतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

‘बाहेरचे आहे, देवऋष्याला दाखवा’ असा सल्लाही आला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा येणार नाही, असे भावाने स्पष्ट सांगितले आणि तो मायला नागपूरला घेऊन गेला. तेथे डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व पाहिले, मेंदूचा फोटो काढला. हा भाग महत्त्वाचा आहे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा दोष, मनाची खिन्नता, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, एखाद्या औषधाचा परिणाम, यांमुळेही माणूस विसरभोळा होतो आणि उपचारांनी सुधारू शकतो. वय झाले म्हणून तपासणी टाळली तर बरा होणारा माणूसही हातचा जातो. मायच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. अल्झायमर हे नाव आम्ही तेव्हा प्रथम ऐकले. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली, मरण पावलेल्या एका बाईचा मेंदू तपासून, या रोगाची खूण जगापुढे मांडली होती. मुळापासून बरे करणारे औषध अजून नाही. काही गोळ्यांनी थोडा काळ आधार मिळतो, तेवढाच.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. आई, वडील किंवा सख्खे भावंड यांना हा रोग असेल तर आपला धोका इतरांपेक्षा वाढतो, हे खरे आहे. पण धोका वाढणे वेगळे आणि रोग होणारच असणे वेगळे. एकाच दोषी जनुकामुळे, बहुधा पासष्टीच्या आत, पिढ्यान्‌पिढ्या येणारा प्रकार फार दुर्मिळ आहे; शंभर रोग्यांत एकाचाही नसेल. बाकीच्यांत एपीओई नावाच्या जनुकाचा ई-४ हा प्रकार धोका वाढवतो, पण तो असलेल्या पुष्कळांना रोग होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. म्हणून महागड्या जनुकचाचणीसाठी धावायचे नाही, असे मी ठरवले. स्मरणशक्तीच्या बाटल्या विकणाऱ्यांनाही दारातूनच जयभीम करते. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरलेले असते, हे आपल्याला शतकानुशतके सांगण्यात आले. ते आपण १९५६ साली नाकारले. रक्ताच्या बाबतीत मात्र ‘नशिबात आहे ते होईल’ असे आपल्याच विहारात ऐकले की मला राग येतो.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी चौदा कारणे सांगितली. ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबू शकेल, असा तिचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अती दारू, बैठे जीवन, डोक्याला मार, खिन्नता, कमी ऐकू येणे, अधू नजर, एकटेपणा, दूषित हवा अशी ती यादी आहे. आणि त्यात एक कारण म्हणजे कमी शिक्षण. ते वाचून मी थोडा वेळ थांबले. ज्या समाजाला शाळेच्या दारापासून दूर ठेवले गेले, त्याच्या म्हातारपणीच्या मेंदूवरही त्याची छाया पडते, असाच त्याचा अर्थ नव्हे काय? बाबासाहेबांनी आपल्याला आधी ‘शिका’ सांगितले. मायला तिच्या बाने दीक्षेनंतर शाळेत घातले, पण चौथीपुढे गावात वर्गच नव्हता. आजीला तर अक्षरओळखही नव्हती.

आपल्या जिल्ह्यांना यातले रक्तदाबाचे कलम विशेष लागू आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. शंभरांतले सुमारे चौदा मृत्यू लकव्याने, म्हणजे मेंदूच्या झटक्याने झालेले आढळले आणि मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. जो झटका जीव घेत नाही तो अनेकदा स्मृती घेतो, आणि आधीच अल्झायमर असलेल्या मेंदूला छोटे झटकेही जड जातात. म्हणून मी दर महिन्याला उपकेंद्रात रक्तदाब मोजून घेते. चाळिशीपासून वरचा आकडा १३० किंवा त्याखाली ठेवावा, असे तज्ज्ञ सांगतात. तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर सरकारी केंद्रात फुकट तपासतात. गोळी सुरू झाली की ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करायची नसते. जेवणातले मीठ कमी केले, त्यात वाळलेली मासोळी आणि लोणचे गेले. मासोळीचे दुःख अजून आहे.

खर्ऱ्याचे काय करावे? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. पण सुपारी-तंबाखूचा खर्रा दोन्ही जिल्ह्यांत लग्नापासून मौतीपर्यंत हातोहात फिरतो, आणि बायांतही. लॅन्सेटच्या यादीत धूम्रपान आहे, खर्रा नाही, म्हणून आमचे भाऊसाहेब खूश झाले. तंबाखूतले निकोटीन तोंडावाटे गेले तरी रक्तदाब वाढवतेच, शिवाय तोंडाचा कर्करोग आहेच.

डॉक्टर म्हणतात, पहाटे फिरायला जा. त्यांना आमच्या रस्त्याचे वाघ ठाऊक नाहीत. मी ऊन वर आल्यावर विहाराच्या आवारात अर्धा तास फेऱ्या मारते. दोघी-तिघी सोबत येतात, तेवढाच एकटेपणाही जातो. हवेचे आपल्या एकट्याच्या हाती नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत घातले होते. घरातला चुलीचा धूर तरी मी बंद केला. पालीतील ‘सति’ या शब्दात स्मृती आणि जागरूकता हे दोन्ही अर्थ आहेत. मी रोज थोडी आनापान साधना करते, मन शांत राहते. त्याने रोग टळतो असे मात्र मी सांगणार नाही.

एका वहीत मी काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. सातबारा कुठे आहे, बँकेत वारस कोण, गोळ्या कोणत्या, आणि मला विसर पडू लागला तर सारा भार एकट्या सुनेवर टाकू नये, मुलाने आणि मुलीने पाळी लावावी. मुलाने ती वही वाचली, सही केली.

आता पौर्णिमेच्या वंदनेनंतर आशाताई विहारात रक्तदाबाचे यंत्र घेऊन येतात. गेल्या खेपेला ज्यांचा आकडा वाढलेला निघाला त्यांतल्या पुष्कळांना ते ठाऊकच नव्हते. राइस मिलच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माझ्या भावाला आता कानाच्या तपासणीसाठी चंद्रपूरला न्यायचे आहे. मला सगळे ऐकू येते, असे तो म्हणतो. हे उत्तर मिळवायला मला प्रश्न तीनदा विचारावा लागला.