कुणासाठी निघाली ही खाणावळ?

परक्या शहरात जेवायचं कुठं, हे मला कोलकात्याच्या काकूंनी शिकवलं. काकू आता नाहीत. त्यांचं आमचं रक्ताचं नातं नव्हतं. गीतांजली एक्स्प्रेसमध्ये आम्ही नागपूरला चढलो तेव्हा त्या समोरच्या बाकावर होत्या, तेवढीच आमची ओळख. माहेर नागपूरच्या महालातलं. भाच्याच्या घरचं कार्य आटोपून त्या परत निघाल्या होत्या, भवानीपूरच्या आपल्या घरी. लग्न होऊन गेल्यापासूनचं सारं आयुष्य त्यांनी तिथंच काढलं होतं.

आम्ही दोघंही नोकरदार. शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडून मिळाली की एखादं शहर पाहून यायचं, ही आमची हौस. गाडीभाडं आधी ठरलेलं असतं, खोलीचं भाडंही. त्या वेळी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात खोली सांगून ठेवली होती, त्यामुळे तीही काळजी नव्हती. अंदाजाबाहेर जातो तो जेवणाचा खर्च. भूक लागली की माणूस समोर दिसेल तिथं शिरतो, पैसे देऊन बाहेर पडतो आणि काय खाल्लं ते संध्याकाळपर्यंत विसरून जातो. म्हणून मी वहीत नावं लिहून नेली होती: पार्क स्ट्रीटवरची नामांकित रेस्टॉरंट, बिर्याणीची दुकानं, मिठाईवाले, कॉफी हाउस. काकूंनी ती वही मागून घेतली आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"यादी छान आहे गं," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक खाणावळ कुणाच्या तरी पोटासाठी निघालेली असते. ती कुणासाठी निघाली, ते आधी विचार. मग तिथं कधी जायचं, काय मागायचं आणि पैसे किती लागतील, हे तुझं तुलाच कळेल."

मग त्यांनी आपल्या यजमानांची गोष्ट सांगितली. ते लग्नाआधी विदर्भातून नोकरीसाठी कोलकात्याला गेले, डलहौसीतल्या एका कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून. राहायला कॉलेज स्ट्रीटजवळच्या एका मेसमध्ये. बंगालमध्ये अशा घराला मेसबाडी म्हणतात. गावोगावचे एकटे पुरुष एकेका खोलीत चार-चार जण राहायचे. कुणी विद्यार्थी, कुणी कारकून, कुणी छापखान्यात. भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, पगारातले निम्मे पैसे गावी धाडायचे. अशा माणसांना जेवू घालायला पाइस हॉटेलं निघाली. "आमच्या ह्यांना त्या शहरात पहिल्यांदा पोटभर जेवू घातलं ते त्या लोकांनी," काकू म्हणाल्या. "मी तर फार नंतर आले."

पाइस हॉटेलचा हिशेब काकूंनी इतका बारकाईनं सांगितला की तिथं पाऊल टाकण्याआधीच आम्हाला तो पाठ झाला. सगळ्यांना एकच ठरावीक थाळी असा प्रकार नाही. भात वेगळा, डाळ वेगळी, वांग्याचे काप वेगळे, मासा वेगळा, चटणी वेगळी. केळीच्या पानाचे पैसे निराळे आणि लिंबाच्या फोडीचेसुद्धा निराळे. खिशात जेवढं असेल तेवढंच पानात घ्यायचं, आणि कमी घेतलं म्हणून कुणी मान वर करून बघत नाही. आठवडाअखेर ज्याच्याजवळ डाळभाताचेच पैसे उरलेत, तोही त्याच बाकावर ताठ बसून जेवतो. माफक पैशांत फिरणाऱ्या माणसाला याहून सन्मानाची जागा मी अजून पाहिलेली नाही.

"फक्त एक करायचं," काकूंनी बजावलं. "मासा पानात पडायच्या आधी त्याची किंमत विचारायची. रुई-कातला परवडतात. पाबदा, चितोळ, मोठी कोळंबी यांचे भाव चढे असतात, आणि पावसाळ्यात इलिश आला की त्याचं तर विचारूच नका. विचारण्यात कमीपणा नाही. तिथं सगळेच विचारतात."

सकाळी टाटानगर गेलं तसं त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ ओढली. ती कोलकात्याची मेट्रो. देशातली पहिली मेट्रो १९८४ मध्ये धावली ती एस्प्लनेडपासून भवानीपूरपर्यंत, म्हणजे काकूंच्या घराजवळ. त्या रेघेवर त्यांनी स्टेशनं लिहिली आणि प्रत्येक स्टेशनापुढे जेवण. माझ्या यादीतलं एकही नाव त्यांनी खोडलं नाही, फक्त प्रत्येकाला त्याची वेळ आणि त्याचं स्टेशन दिलं. जेवणासाठी शहर आडवंतिडवं कापत फिरलं की टॅक्सीचे पैसे जेवणापेक्षा जास्त होतात, हे त्यांचं म्हणणं. ज्या बाजूला दिवस जाणार, त्याच बाजूला जेवायचं. आणि पाहुण्यांनी एक जेवण तरी न ठरवता मोकळं सोडावं, कारण गावातलं कुणी काही सांगितलं तर जागा हवी.

त्या वहीप्रमाणे आम्ही फिरलो. हाजराच्या चौकातून मेट्रोनं महात्मा गांधी रोड, तिथून चालत कॉलेज स्ट्रीट, पुस्तकांच्या दुकानांमधून वाट काढत भवानी दत्त लेन. तिथलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल ओडिशातून आलेल्या मनगोविंद पांडांनी काढलं. आधी नाव नुसतं हिंदू हॉटेल होतं, स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्यात 'स्वाधीन भारत' आलं. नेताजी इथं जेवत असत, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. काकूंनी एकच्या आत पोचायला सांगितलं होतं, कारण त्यानंतर चांगले मासे संपतात. फळ्यावर खडूनं त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेले. वाढणाऱ्यानं एका दमात साऱ्या माशांची नावं म्हटली. आम्ही किंमत विचारली, त्यानं सांगितली. माझे यजमान मूळचे भंडाऱ्याचे, तलावांच्या मुलखातले. गोड्या पाण्यातल्या मासोळीवर वाढलेला माणूस. रुईचा रस्सा भातावर घेतल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईच्या हातची आठवली." मोहरीचा वास वेगळा होता, मसाला वेगळा होता, पण तळ्यातला मासा तोच होता. मी केळफुलाची भाजी घेतली, मोचार घोंटो. ती तशी मला घरी अजूनही जमलेली नाही.

कॉफी हाउस तिथून दोन पावलांवर. ते जेवण्यासाठी नाही, बसण्यासाठी आहे, असं काकूंनी वहीत लिहून दिलं होतं. जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ मध्ये कॉफी बोर्डानं ते सुरू केलं. विद्यार्थी आणि लिहिणारी-वाचणारी माणसं एका कपावर तासन् तास बसू शकतील अशी ती जागा. आम्हीही भरल्या पोटी तसेच बसलो. पुढे प्यारामाउंटमध्ये शहाळ्याचं सरबत घेतलं. ते दुकान १९१८ पासूनचं आहे.

डेकर्स लेनसाठी काकूंनी मुद्दाम कामाचा दिवस राखून ठेवला होता. एस्प्लनेडजवळची ती बोळ कचेऱ्यांतल्या लोकांसाठी. दुपारी तिथं चिकनचा पातळ स्ट्यू आणि लोणी लावलेला पाव उभ्याउभ्या खातात आणि अर्ध्या तासात कामावर परततात. मोठ्या साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्याच बाकांपाशी. रविवारी गेलो असतो तर बोळ सुनी दिसली असती आणि आम्ही म्हणालो असतो, इथं काय आहे! कचेऱ्यांच्या भागात कामाच्या दुपारी जेवावं आणि वस्तीच्या भागात संध्याकाळी किंवा सुट्टीच्या सकाळी, हे त्या एका बोळीनं मला शिकवलं. पुढे मुंबईत हेच उपयोगी पडलं. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ चं ब्रिटानिया फक्त दुपारीच का उघडं असतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. ज्यांच्यासाठी ते निघालं ते संध्याकाळी घरी जातात.

टिरेटा बाजार याच्या उलट. तिथं रविवारी भल्या सकाळी जायचं. चिनी कुटुंबं घरून करून आणलेले बन, मोमो, माशाच्या गोळ्यांचं सूप रस्त्याकडेला मांडून बसतात आणि आठच्या सुमाराला बरंचसं संपलेलं असतं. तो त्या समाजाचा आपसातला नाश्ता. १९६२ च्या युद्धानंतर यांच्यातली कित्येक कुटुंबं देश सोडून गेली, त्यामुळे मांडणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत. एका आजींनी आम्हाला बन देताना, आधी हा गरम आहे तोवर खा, मग बाकीचं मागा, असं हिंदीतून दटावलं. लेक मार्केटच्या बाजूला तमिळ कुटुंबांची जुनी वस्ती म्हणून तिथली इडली उत्तम. भवानीपूरच्या गुरुद्वाऱ्याजवळ बलवंतसिंगांच्या ईटिंग हाउसमध्ये पहाटेपासून चहा, कारण शहरातल्या टॅक्सी एके काळी मोठ्या संख्येनं शीख चालवायचे. बटाटा घातलेली बिर्याणी शहरात रुजली ती १८५६ मध्ये मटियाबुर्जला येऊन राहिलेल्या नवाब वाजिद अली शाहच्या मुदपाकखान्यातून. कोलकात्यात कोण कोण कुठून येऊन राहिलं, ते अशा रीतीनं आम्हाला पानावर वाढून मिळालं.

आणि पार्क स्ट्रीट? ते काकूंनी काढून टाकलं नव्हतं. "तिथं जरूर जा. एक जेवण थाटाचं झालंच पाहिजे. दोन दुपारी पाइस हॉटेलात जेवलात तर ते पैसे वाचलेले असतातच." पीटर कॅटचा चेलो कबाब दोघांत एक मागवला, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, फेटेवाल्या वाढप्याच्या हातून. बचत म्हणजे प्रत्येक वेळी स्वस्तातलं खाणं, अशी माझी समजूत होती. एका सुंदर संध्याकाळसाठी बाकीच्या जेवणांतून पैसे बाजूला काढणं हीसुद्धा बचतच, आणि ती मन मारत नाही.

मोकळं सोडलेलं जेवण काकूंच्या घरी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. वरण, भात, भरली वांगी, आणि एका बाजूला मोहरीतला मासा. निघताना बलराम मल्लिकांच्या दुकानातून नोलेन गुडाचा संदेश त्यांनी स्वतः जाऊन आणलेला. मी पैशांचं काही बोलायला गेले तर हात धरून म्हणाल्या, "ह्यांना नव्या गावात कुणीकुणी जेवू घातलं, त्यांचे मी कधी फेडले?"

पुढे आम्ही त्यांच्याकडे जात राहिलो. दर वेळी काहीतरी नवं दाखवायच्या आणि दर वेळी बिल त्याच द्यायच्या. मी रागावले तरी ऐकायच्या नाहीत.

एका थंडीत त्या नागपूरला आल्या. मी विचारलं, "काकू, जेवायला कुठं जाऊ या?" आणि धरमपेठेतल्या, सदरमधल्या दोन-चार चांगल्या जागा सांगितल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नागपूरचं पोट कुठं जेवतं गं?"

आम्ही त्यांना गोळीबार चौकाकडे नेलं, एका जुन्या सावजी भोजनालयात. ही वस्ती हलबा कोष्ट्यांची, हातमागावर लुगडी विणणाऱ्यांची. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली, मागाहून मॉडेल मिल आली. कितीतरी घरं मागावरून गिरणीत गेली. पुढे गिरण्या बंद पडल्या, मागही मंदावले, तेव्हा घराघरांतल्या बायकांच्या हातचा हा जवसाच्या तेलातला, खसखस-दगडफुलाचा तिखटजाळ रस्सा संसार चालवायला पुढे आला. माझा जन्म नागपूरचा. सावजी मी लहानपणापासून खाते. पण हे मी त्या दिवसापर्यंत कुणाला विचारलंच नव्हतं. काकूंनी विचारलं. गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकांना त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं घर मागाचं, का गिरणीचं?" ते गल्ला सोडून आमच्या बाकावर येऊन बसले. वडील गिरणीत साचा चालवायचे, आईनं घरातल्या चुलीवर चार माणसांचं जेवण करून द्यायला सुरुवात केली, हेच टेबल पहिलं, असं सगळं सांगत राहिले.

काकू महालातल्या. त्या बालपणी इथून फार लांब राहत नव्हत्या, पण त्यांच्या घरी मांसाहार वर्ज्य, त्यामुळे माहेरच्या गावाचं हे जेवण त्यांनी कधी चाखलं नव्हतं. मटणाचा रस्सा त्यांनी ज्वारीच्या भाकरीशी खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पदरानं पुसलं, आणखी अर्धी भाकरी मागितली. वर पाटोडीचा रस्साही घेतला. मग आत जाऊन भाकऱ्या थापणाऱ्या बाईंशी बोलत उभ्या राहिल्या. मसाला भाजताना दगडफूल कधी घालायचं ते विचारून घेतलं.

बाहेर येऊन त्यांनी पर्स उघडली नाही. "इथलं तू दे," म्हणाल्या.