उसवणीचे पैसे

जुन्या कपड्याच्या कामात शिवायला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो उसवायला. गिऱ्हाईक विचारतं तो शिलाईचा दर आणि मी सांगते तो उसवण्याचा, म्हणून आमचा पहिला आकडा सहसा जुळत नाही. "ताई, एवढ्यात तर नवीन येऊन जाते ना!" हे वाक्य नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दुकानात रोज ऐकू येतं, आणि ते खोटं नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवर चारशे रुपयांत शर्ट मिळतो. जुन्या शर्टाची झिजलेली कॉलर काढून, उलटवून, आतली बाजू वर आणून पुन्हा बसवायचे मी दीडशे घेते. वर एखादं काज गेलेलं असेल, बगलेत घामानं कापड विरलं असेल, तर हिशेब नव्या शर्टाच्या निम्म्यावर जातो. माणसाला राग येणारच.

ब्लेझरची बाही एक इंच आखूड करायची, एवढंसं काम घ्या. बघणाऱ्याला वाटतं, खालून दुमडली, टीप मारली, झालं. प्रत्यक्षात आधी मनगटाजवळची बटणं उतरवायची. मग अस्तराची हातशिलाई सोडवायची, आतली बकरमची पट्टी काढायची, जुन्या घडीची रेघ वाफेनं मोडायची. नवी खूण करून कापड दुमडायचं, नवी पट्टी घालायची, कोपरे बसवायचे. अस्तर परत लावताना बोटभर ढील ठेवावी लागते, नाहीतर हात वर केला की बाही आतून ओढते. शेवटी बटणं, तीही दोऱ्याची मान ठेवून. याचे साडेतीनशे. पण मनगटाची काजं खरी असली, म्हणजे कापून हातानं विणलेली असली, तर खालून एक सूतही कमी करता येत नाही, कारण काज वर सरकत नाही. तिथे बाही खांद्यापासून सोडवावी लागते, वरून उतरवून पुन्हा गोलाईत मुरवत बसवावी लागते. एक इंच तोच, पैसे नऊशे. दोन्ही कोट टेबलावर शेजारी ठेवले तरी गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. मी बाही उलटी करून दाखवते. दाखवल्याशिवाय दर सांगायचाच नाही, ही बाबांची शिस्त होती.

नवा कपडा स्वस्त पडतो याचं कारण कारखान्यात आहे. तिथे एक कारागीर दिवसभर फक्त कॉलर जोडतो, दुसरा फक्त काजं पाडतो, तिसरा खिसे लावतो. हजार शर्टांचं माप एक, कापड एक, दोरा एक. दुरुस्तीला आलेला कोट मात्र एकटाच येतो. तो कोणी शिवला, कुठल्या हातानं शिवला, मधे कोणी उघडून बिघडवला का, हे आधी वाचावं लागतं. एक टीप सोडवायची तर दोरा कुठून सुरू झाला ते शोधावं लागतं. घाईघाईनं ब्लेड चालवलं तर कापडालाच चीर जाते. ही वाचणावळ कोणत्याच दरपत्रकात नसते.

कापड महाग आणि माणसाचे हात स्वस्त, असा फार मोठा काळ होता. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी याच नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मिलचं कापड आलं तरी साध्या घरात कपड्याचे जोड मोजकेच असत. नऊवारी लुगडं बसण्याच्या जागी विरलं की विरलेला भाग कापून काढायचा, उरलेले दोन चांगले तुकडे जोडायचे आणि तो जोड निऱ्यांत लपवायचा. याला दंड घालणं म्हणत. धोतरालाही दंड घालत. त्यानंतर त्याची गोधडी होई, गोधडीचं पोतेरं होई. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली तेव्हा इंग्लंडच्या सरकारला जुने कपडे दुरुस्त कसे करावेत हे सांगणारी पुस्तिका १९४३ मध्ये छापावी लागली. आपल्याकडे ते ज्ञान आजीकडून नातीकडे बिनछापील जात होतं, आणि त्याला कुणी पैसे मोजत नव्हतं. आता उलट झालं आहे. कापड स्वस्त आहे आणि हाताचा तास महाग आहे. एम्प्रेस मिल बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. हाताचा तास महाग झाला याचं मला दुःख नाही. आईनं आणि आजीनं तो फुकट दिला, त्याचीच मला आजवर रुखरुख आहे.

बाबा कोर्टाचे काळे कोट शिवायचे. १९३६ साली नागपूरला हायकोर्ट झालं. पुढे राज्यांची फेररचना झाली, हायकोर्टाचं खंडपीठ झालं, पण वकिलांची वस्ती इथे टिकली आणि वकील आहेत तोवर काळा कोट आहे. ते जुने कोट आज नातवंडांच्या अंगावर चढायला माझ्याकडे येतात. डिसेंबरात थंडी पडते, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा कपाटांतले कोट बाहेर निघतात आणि माझ्या दुकानात रांग लागते. जुना कोट उघडला की मला आधी दिसते ती माया, म्हणजे शिवणीआड राखलेलं जादा कापड. पाठीच्या शिवणीत दीड इंच, बाजूंना इंच, पँटच्या मागच्या शिवणीत तर दोन बोटं आरामात. शिंप्यानं ते कापड गिऱ्हाइकाच्या पुढच्या तीस वर्षांच्या पोटासाठी राखून ठेवलेलं असे. छातीत कॅनव्हास हाताच्या बारीक टाक्यांनी धरलेला असतो, चिकटवलेला नसतो, म्हणून तो सोडवता येतो आणि परत बसवता येतो. आजच्या बहुतेक रेडिमेड कोटात ओव्हरलॉकच्या आत पाव इंचही माया नसते आणि कॅनव्हास डिंकानं चिकटवलेला असतो. तो सैल करून द्या म्हणणाऱ्या माणसाला मी नाही म्हणते. त्यात सोडायला काही ठेवलेलंच नाही.

माया सोडली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. लोकर दयाळू कापड आहे. जुन्या टिपेची भोकं ओलं फडकं ठेवून वाफ दिली की बुजतात. रेशमात ती कायमची राहतात, टिपेची जुनी रेघ ठिपक्याठिपक्यांनी दिसतेच. आणि रंगाचं काय? बाहेरचं अंग उन्हानं, धुण्यानं विटतं, काळा रंग हळूहळू तांबूस किंवा हिरवट होतो. आत दडलेली माया मात्र शिवली त्या दिवसाइतकी काळीभोर असते. ती बाहेर काढली की पाठीवर उभा गडद पट्टा उमटतो. म्हणून मी शक्यतो बगलेखालच्या शिवणीतून सोडते, हात खाली असताना तो भाग झाकलेला राहतो. हे सगळं कात्री लावायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

जुना कोट विकत किंवा वारशानं घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, खांदा बघा. कंबर, लांबी, बाही, अस्तर, बटणं, सगळं बदलता येतं. खांदा बदलायचा तर कॉलर, दोन्ही बाह्या, अस्तर आणि कॅनव्हास उघडावा लागतो. म्हणजे निम्मा कोट नव्यानं शिवणं आलं. त्याचे तीन हजारांच्या वर होतात आणि तरी पहिल्यासारखी बसणी येईल याची खात्री मी देत नाही. खांदा बसत असेल तर घ्या, नसेल तर वडिलांची आठवण म्हणून तसाच जपा.

साड्यांचं काम वेगळं. इथे पैशाचा प्रश्न जास्त नाजूक होतो, कारण साडीशी माणसाचं नातं कोटाहून जवळचं असतं. मध्यंतरी एक काकू त्यांच्या सासूबाईंची करवती घेऊन आल्या. करवती आपल्या विदर्भाची. भंडारा-गडचिरोलीकडच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोशांचं टसर, रंग न देताही मधाळ दिसणारं, आणि काठाला करवतीसारखे दाते. हे दाते भरतकामाचे नसतात, छापलेले नसतात. मागावर तीन धोटे चालतात. दोन काठांचे दोन, अंगाचा एक, आणि जिथे काठ अंगाला भेटतो तिथे दोन्हींचे धागे एकमेकांत अडकवत विणकर पुढे जातो. काठ सुती, अंग रेशमी. सूत आणि टसर धुण्यात सारखे आटत नाहीत, अंगावर सारखे ताणले जात नाहीत, त्यामुळे साडी म्हातारी झाली की पहिली सुटते ती या दात्यांजवळ. काकूंच्या साडीत तिथेच चार बोटं चीर होती.

असल्या कामाला बाजारातला दोरा चालत नाही. टसरचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो, आणि त्या साडीच्या रंगात कित्येक वर्षांची हवा मुरलेली असते. तो रंग कुठल्याच रिळावर मिळत नाही. मी पदराच्या टोकाच्या दशांतून धागे घेतले. ते साडीबरोबरच म्हातारे झालेले असतात, म्हणून मिसळून जातात. आधी चिरेच्या दोन्ही कडांना सशक्त धागा कुठवर आहे ते पाहायचं, कारण रफू विरलेल्या धाग्यावर उभं राहत नाही. मग ताण्याच्या दिशेनं उभे धागे भरायचे, एक वरून एक खालून, आणि चिरेच्या पलीकडे निदान बोटाच्या पेरभर न्यायचे. उभे भरले की आडवे. दात्यापाशी आलं की काठाचा सुती धागा वेगळ्या सुईत ओवायचा आणि विणकरानं जिथे अडकवला होता तिथेच टसरमध्ये अडकवायचा. दात्याचं टोक एका धाग्यानं जरी सरकलं तरी ओळ मोडते आणि डोळा नेमका तिथेच जातो. हे काम मी सकाळीच करते, दाराच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली टसरचा रंग फसवतो. उन्हाळ्यात तर ऊन चढायच्या आधीच सुई ठेवावी लागते, नागपूरच्या मे महिन्यात बोटांना घाम सुटतो आणि रेशमावर त्याचा डाग बसतो. त्यामुळे चार बोटांच्या चिरेला बऱ्याच सकाळी गेल्या. बाराशे रुपये झाले. काकूंच्या मुलाला ते जास्त वाटले, आणि ते त्यानं माझ्यासमोर, नीट शब्दांत सांगितलं. मी त्याला भिंग दिलं. त्यानं चीर कुठे होती ते बराच वेळ शोधलं. काकूंनी पैसे दिले.

हा बाराशेचा आकडा येतो कुठून, हे सांगायला हवं. रफूचा दर मी ब्लाउजवरून काढते. अस्तराचा, मागे गळ्याला काही नक्षी असलेला ब्लाउज शिवायचे आज आठशे-हजार सहज मिळतात आणि हात बसलेली बाई एका दिवसात दोन उरकते. रफू करणाऱ्या बाईला तेवढ्याच वेळाचे तेवढे पैसे मिळाले नाहीत तर ती रफू का करील? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली हुशार आहेत, त्यांना हे गणित माझ्याआधी कळतं. लग्नसराई आली की त्या ब्लाउजकडे वळतात आणि मी त्यांना अडवत नाही. रफूच्या दराला आणखी एक अडचण आहे. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शाली दुरुस्त करत आले. वस्त्रकलावंत प्रिया रविश मेहरा यांनी त्यांच्या कामाकडे लोकांचं लक्ष वेधलं. उत्तम रफू दिसत नाही, म्हणून करणाराही दिसत नाही. ज्या कामाचा पुरावाच राहत नाही त्याचे पैसे मागणं अवघड जातं. म्हणून मी आता काम सुरू करण्याआधी फाटक्या जागेचा फोटो काढून ठेवते.

काही कामं मी परत पाठवते, आणि त्याचे पैसे घेत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेला शालू घडीवरच चिरतो. एका जागी भरावं तर शेजारी चिरतो, कारण सगळंच रेशीम विरलेलं असतं. त्यावर सुई चालवणं म्हणजे त्याला इजा करणं. मागून मलमल लावून तो ठेवता येतो, नेसता येत नाही. जरीचे काठ चांगले असतील तर ते उतरवून नव्या कापडावर चढवता येतात, आणि ते काम मी आनंदानं करते. पण त्याआधी घरातलं कुणीतरी त्या काठाचा भाव काढून आलेलं असतं. खऱ्या जरीत चांदी असते. चांदी चढली की जुन्या जरीच्या साड्या मोडीत निघतात, घेणारा जरीचे काठ जाळून चांदी काढतो आणि तोळ्यावर पैसे देतो. गरजेपोटी कुणी विकलं तर माझं काही म्हणणं नाही, घर चालवायचं असतं. पण गरज नसताना, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून शालू मोडीत काढणाऱ्याशी मी भांडते. तिथे मी दर कमी करायलाही तयार होते. दुकानात एवढीच एक सवलत आहे.

कोट असो की करवती, बिलावर मी आता दोन ओळी वेगळ्या लिहिते, उसवणी आणि शिलाई. आधी एकच आकडा लिहायची आणि सगळी घासाघीस त्या एका आकड्यावर व्हायची. आता लोक पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, हे काय? मी शिवण उघडून दाखवते. काही जण कोट परत घेऊन जातात. बरेच जण ठेवतात, आणि जाताना विचारतात की नवा शिवायला टाकला तर माया किती सोडायला सांगू. मी सांगते, पाठीत दीड इंच, बाजूंना एक, आणि शिंपी नको म्हणाला तर कापड जास्त घ्या. पहिल्या ओळीतले निम्मे पैसे शिकणाऱ्या मुलीचे असतात. सुरुवातीला मी तिच्या हाती सुई देत नाही, उसवायला बसवते, आणि एका काळ्या कोटाचं अस्तर कापडाला ओरखडा न येता सुटं करायला तिची अख्खी दुपार जाते.