गजराच्या आधी

महाडच्या बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस अजून टिकून आहे. आमचं जुनं गजराचं घड्याळ त्याच्याकडे टाकलं होतं. मागच्या आठवड्यात आणायला गेले, तर त्याने माझ्यासमोरच मागचं झाकण उघडलं आणि रॉकेलमध्ये बुडवलेला बारीक ब्रश चाकांवरून फिरवला. रॉकेलचा वास आता कुठे येतो? चिमण्या-कंदील केव्हाच माळ्यावर गेले. तो वास नाकात शिरला आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहिले. भिंतीवर २०२१ च्या पुराची रेघ अजून दिसते.

हे घड्याळ बाबांनी लालबागहून आणलं होतं. ते गिरणीत होते. आम्ही पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. पोरं पहाटे उठून अभ्यास करतील, एवढ्याचसाठी आणलं. हिरवे आकडे, डोक्यावर दोन घंटा. पण माझ्या शाळेच्या वर्षांत त्याचा गजर वाजलेला मला आठवतच नाही. आजी त्याच्या आधी उठायची आणि मागची कळ दाबून टाकायची, धाकट्यांची झोप मोडू नये म्हणून. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. मला हलवून उठवायची, ‘उठ गो बाय, झुंजूमुंजू होईल आता,’ म्हणायची, कंदिलाची वात वर करायची आणि समोर सूप घेऊन बसायची. सुपात वरी नाहीतर तांदूळ. मी पुस्तक उघडायचं, तिने खडे वेचायचे. माझी मान कलली की ती सुपाच्या कडेवर बोटाने टकटक करायची. आणि मधूनच विचारायची, ‘पान उलटलंस का?’ काय वाचतेस, समजलं का, किती मार्क पडतील, असलं काही ती विचारत नसे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वाडीतल्या बाकीच्या मुली त्या वेळेला हंडे घेऊन झऱ्यावर असायच्या. आमच्या घरचं पाणी मला उठवण्याआधीच भरलेलं असायचं.

शाळेत गुरुजी चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण देत. महाड तालुक्यातल्या नात्याला १८९६ साली जन्मलेला मुलगा, १९१२ साली मॅट्रिकला पहिला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. आम्ही ते पाठ केलं होतं. पण या मुलाला पहाटे उठवत कोण होतं, हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत मात्र ते नोंदलेलं आहे. परळच्या चाळीत एकच खोली, त्यातच संसार. सुभेदार रामजी सकपाळ मुलाला लवकर झोपायला लावत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवत आणि त्यानंतर आपण आडवे होत. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला. त्याचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं, आमच्यापासून फार लांब नाही. १९२७ च्या २० मार्चला महाडला येऊन चवदार तळ्याचं पाणी त्याने ओंजळीत घेतलं. महाडला दरवर्षी मार्चमध्ये लोटणारी गर्दी पाहिली की मला तळ्याइतकीच ती खोली आठवते, आणि घड्याळाकडे बघत दोन वाजायची वाट पाहणारे सुभेदार आठवतात. बाबासाहेबांची बुद्धी अलौकिक होतीच. पण रोज रात्री कुणीतरी आपली झोप तिच्यासाठी बाजूला ठेवत होतं, हेही तितकंच खरं आहे.

म्हणूनच मला राग येतो. शाळांमध्ये हल्ली यशाचा मंत्र सांगणारे वक्ते येतात. हातात माईक, मागे मोठा पडदा. मनावर घ्या, ध्येय ठरवा, मोबाइल सोडा, शिस्त अंगी बाणवा, असं दीड तास सांगतात आणि गाडीत बसून निघून जातात. समोर बसलेल्या मुलीचा बाप नालासोपाऱ्याला, आई रोजावर, घरी म्हातारी आणि दोन लहान भावंडं. तिने शिस्त कुठून आणायची? चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या मनोबलावर अख्खं घर उभं करायला निघणं हा अन्याय आहे. या वयात सवय मुलाच्या एकट्याच्या जिवावर धरत नाही. शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं, रोज, त्याच जागी, त्याच वेळेला.

बसणं कसं असावं, हेही मला त्याच घड्याळाने दाखवलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काही महिन्यांनी बाबा ट्रंक घेऊन गावी आले. दिवसभर ओटीवर गप्प बसायचे. पहाटे मात्र आजीच्या जागी तेच बसू लागले. त्यांना वाचता येत होतं, म्हणून ते तपासायचे. गणित चुकलं की आवाज चढायचा. स्वतःवरचा, गिरणीवरचा सगळा राग त्या वहीवर उतरायचा. मी पान उलटायलाच घाबरू लागले. एके पहाटे आजी काही न बोलता सूप घेऊन पुन्हा येऊन बसली, बाबा उठून गोठ्यात गेले आणि घडी पूर्ववत बसली. पुढे ते महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले. घड्याळ त्यांच्या उशाशी गेलं आणि पहिल्या पाळीसाठी खणखणून वाजायला लागलं.

लोक म्हणतात, आमच्या वेळची मुलं पहाटे उठत, आताच्या मुलांना उठवत नाही. आम्ही रात्री आठ-साडेआठला झोपत होतो, हे ते विसरतात. किशोरवयात शरीराचं झोपेचं चक्रच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा लागते, हे आता पक्कं ठाऊक आहे. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच सांगितलं, की या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. बारापर्यंत मोबाइल बघणाऱ्या मुलाला पाचला उठवणं हा निव्वळ छळ आहे. पहाट जमत नसेल तर संध्याकाळ धरा. पण मग साडेनऊला घरातले सगळे मोबाइल, मोठ्यांचेसुद्धा, एका फळीवर गेले पाहिजेत.

असं शेजारी बसणं मी पुराच्या वर्षीही पाहिलं. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. १६ जुलैला अंतर्गत मूल्यमापनाचा निकाल लागला आणि २२ जुलैला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. पुढे कित्येक दिवस पोरं गाळात भिजलेल्या वह्या पत्र्यांवर वाळत घालत होती. आमच्या शेजारची एक बाई रात्री चिखल उपसून आल्यावर मुलाजवळ मेणबत्ती लावून बसायची. दमून तिचे डोळे मिटत, पण ती उठत नसे. आजीचं सूप मला तिथे दिसलं.

दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो. कशेडी घाटापलीकडचं खेड त्यात मोडतं. अलीकडचं पोलादपूर मुंबई विभागात. घाटाच्या दोन्ही अंगांना पाऊस तोच, दोन्हीकडचे बाप मुंबईलाच. आमच्या मुलांच्या हुशारीत काही कमी नाही. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसणारं माणूस तेवढं कमी पडतं.

मुंबईतली आमची ग्रामस्थ मंडळं दरवर्षी गुणगौरव करतात. ढाल, दप्तर, शाल, फोटो. ज्यांना मार्क पडले त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण मांडवात मागे बसलेली, पंचावन्न टक्के मिळवलेली पोरं मी पाहिली आहेत. टाळ्या वाजवताना ती कुणाकडे बघत नाहीत. कदाचित त्यांच्याच घरात कुणी बसणारं नव्हतं.

तेव्हा चाकरमान्यांनो, गणपतीला गावी याल आणि देवळात मंडळाची बैठक भरेल, तेव्हा ढालींच्या खर्चाआधी एवढा विषय घ्या: देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या एका खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ दिवा लावायचा, सतरंज्या टाकायच्या आणि वाडीतलं एक मोठं माणूस पाळीपाळीने मुलांपाशी बसवायचं. त्याला लिहिता-वाचता आलं नाही तरी चालेल. दहावीची परीक्षा आता फेब्रुवारीतच सुरू होते, म्हणून पहिली पाळी कोणाची, ते त्याच बैठकीत ठरवून उठा.