मुदतीनंतरचे अकरा दिवस

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री या गावी अण्णांचे विद्युत साहित्याचे दुकान आहे. वायर, दिवे, पंखे, मिक्सर, शेतीपंपाचे स्टार्टर असा माल तेथे गेली चाळीस वर्षे विकला जातो. दूरदर्शन संच मात्र ते ठेवत नाहीत. त्यामुळे २०२४ च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे १० मे रोजी, घरासाठी मोठा टीव्ही घ्यावयाचे ठरले तेव्हा मुलगा खामगावला गेला आणि ५५ इंचांचा संच घेऊन आला. किंमत ५२,००० रुपये. मोठ्या संचावर त्या वेळी २८ टक्के जीएसटी होता. म्हणजे या रकमेपैकी ११,३७५ रुपये केवळ कराचे होते. अण्णांना एवढा खर्च रुचला नव्हता. परंतु कारण असे होते की त्यांना नाही म्हणता आले नाही.

अण्णांच्या मातोश्रींचे वय शहाऐंशी. खुब्याचे हाड मोडल्यापासून त्यांचे मंदिरात जाणे थांबले. जन्मभर पहाटेचा अभिषेक न चुकविलेल्या त्या बाईंना खाटेवरून दर्शन घडावे, जिनवाणी आणि पारस या वाहिन्यांवरील प्रवचने त्यांना नीट दिसावीत, हा त्या खरेदीचा हेतू होता. दृष्टी मंदावली होती, म्हणून पडदा मोठा हवा होता. वर्षभर तो संच त्यांचा सांगाती झाला.

वॉरंटी एक वर्षाची होती. ती ९ मे २०२५ रोजी संपली. २० मे रोजी सकाळी प्रवचन चालू असताना पडदा एकाएकी काळा पडला. आवाज तेवढा येत राहिला. घरातील मंडळी रिमोट आणि वायर तपासत असताना मातोश्री मात्र त्या काळ्या पडद्यासमोर हात जोडून तशाच बसून होत्या. प्रवचन संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

कंपनीच्या सेवा केंद्राचा तंत्रज्ञ तिसऱ्या दिवशी आला. भेटीचे ५०० रुपये आणि त्यावरील कर मिळून ५९० रुपये त्याने आधी घेतले. संच न उघडताच दोनदा बंद-चालू करून पाहिला आणि सांगितले, ‘पॅनेल गेले. ३४,५०० रुपये लागतील. वॉरंटी संपून अकरा दिवस झाले होते, त्यामुळे आमच्या हातात काही नाही. व्होल्टेजमुळे झाले असेल.’ पाच-सात मिनिटांत तो निघूनही गेला.

येथवरची कथा आज कोणत्याही गावात, कोणत्याही घरात घडते. बहुतेक ठिकाणी ती येथेच संपते. जुना संच कोपऱ्यात जातो, नवा हप्त्यांवर येतो आणि ‘हल्लीच्या वस्तूच अशा’ या उद्गारावर विषय मिटतो. अण्णांच्या घरी ती संपली नाही, याचे श्रेय एका बॅटरीला द्यावे लागेल.

अकोल्यास सनदी लेखापालाचा अभ्यास करणारी नात सुटीसाठी घरी आली होती. रात्री वीज जाऊन परत आली तेव्हा तिच्या हाती बॅटरी होती. आवाज सुरू झालेल्या त्या काळ्या पडद्यावर तिने सहज प्रकाश टाकला आणि ती चमकली. प्रकाशाच्या वर्तुळात पुसटशी चित्रे हलत होती.

या साध्या परीक्षेमागील कारण समजून घेण्याजोगे आहे. आज घरोघरी असलेल्या बहुतेक टीव्हींचा पडदा स्वतः उजेड देत नाही. तो द्रवस्फटिकांचा असतो. त्याच्यामागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या प्रकाशामुळे चित्र दिसते. पट्टीतील दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यांतील एक विझला तरी सारी ओळ अंधारते आणि पुष्कळ संचांत संरक्षक यंत्रणा मग संपूर्ण प्रकाशच बंद करते. आवाज येतो आणि बॅटरीच्या उजेडात चित्र दिसते, याचा अर्थ महागडे पॅनेल बहुधा शाबूत आहे. गेले आहेत ते मागचे दिवे, किंवा त्यांना वीज पुरविणारा भाग. अण्णांनी चिखलीतील परिचित कारागिराला दूरध्वनी केला. तो म्हणाला, ‘पट्ट्याच असतील. चार हजारांत होऊन जाईल. उद्या आणून टाका.’

आता घरात दोन मते झाली. मुलाचे म्हणणे सरळ होते. चार हजार द्यावेत आणि मोकळे व्हावे. दीड महिन्यावर चातुर्मास आला आहे, आजीची अडचण नको. नातीचे म्हणणे वेगळे होते. बाहेरच्या कारागिराने संच उघडला की कंपनीला हात झटकावयास निमित्त मिळेल आणि मूळ दोषाचा पुरावा नाहीसा होईल. म्हणून आधी लेखी तक्रार करावी आणि तोवर संचाला कोणी हात लावू नये. निर्णय मातोश्रींनी दिला. ‘मला आवाज पुरतो रे. भांडायचं ते निवांत भांडा.’

परंतु खरा अडसर अण्णांच्याच मनात होता. ‘मुदत संपली म्हणजे संपली. आपण आपल्या गिऱ्हाइकाला हेच सांगतो ना? मग आज कोणत्या तोंडाने मागायचे?’ असे म्हणून ते दुकानात निघून गेले. त्या दिवशी त्यांचे हिशेबात लक्ष लागले नाही. १९९८ च्या उन्हाळ्यातील एक दुपार त्यांना आठवत होती. मजुरी करणारी एक बाई छताचा पंखा डोक्यावर घेऊन चालत आली होती. दोन वर्षांची गॅरंटी संपून आठ दिवस झाले होते. अण्णांनी कार्डावरची तारीख तिला दाखविली. कंपनीला चार ओळी लिहिल्या असत्या तर कदाचित काम झाले असते, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होते. पण हंगामाची गर्दी होती. ती बाई काही बोलली नाही. पंखा पुन्हा डोक्यावर घेऊन आली तशी परत गेली. सत्तावीस वर्षांत अण्णांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. त्या रात्री जेवताना त्यांनी ती घरात सांगितली.

नातीने त्यावर उपदेश केला नाही. तिने आपले पुस्तक उघडले. कंपन्यांच्या हिशेबासाठी लेखामानक २९ आहे. विकलेल्या मालाच्या वॉरंटीपोटी पुढे येणाऱ्या खर्चाची तरतूद त्यानुसार आधीच करून ठेवावी लागते. ही तरतूद प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येते काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रोटॉर्क कंट्रोल्स या कंपनीच्या प्रकरणात २००९ साली न्यायालयाने सांगितले की, मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मालात काही नग सदोष निघणार हे पूर्वानुभवावरून समजते. अशा अनुभवाच्या आधारे केलेली तरतूद ग्राह्य आहे. ‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘शंभरांत साधारण किती बिघडतील, याचा अंदाज त्यांच्या वह्यांत असतो. तुम्ही मागाल ती भीक कशी?’

अण्णा व्यापारी होते. हिशेबाची भाषा त्यांना पटली. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख न्हाणीच्या टबासारखा असतो, असे अभियंते सांगतात. आरंभी उपजत दोषांमुळे बिघाड अधिक, मध्ये दीर्घ शांत काळ, शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. वॉरंटीचे वर्ष प्रामुख्याने त्या पहिल्या चढासाठी असते. बावन्न हजारांचा संच एक वर्ष अकरा दिवसांत विझला, तर त्याला झीज म्हणणे कठीण आहे.

उत्पादक मुद्दाम असे करतात काय, असा प्रश्न मुलाने विचारला. असे कधी घडलेच नाही असे नाही. १९२४ साली जगातील प्रमुख दिवा-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे एक हजार तासांवर बांधले होते आणि अधिक टिकणारे दिवे बनविणाऱ्या सभासदांना दंड ठरविला होता. तथापि टीव्हीच्या बाबतीत कट-कारस्थान शोधण्याची गरज नाही. स्वस्ताईच्या स्पर्धेत थोड्या दिव्यांकडून अधिक प्रकाश काढला जातो. अधिक प्रवाहामुळे ते अधिक तापतात आणि लवकर जातात. दुकानात डोळ्यांत भरावा म्हणून संच सर्वाधिक झगझगीत मांडणीवर ठेवलेला असतो आणि घरी आल्यावरही तीच मांडणी कोणी बदलत नाही. अण्णांच्या घरी वर्षभर पडद्याची प्रखरता शंभरावरच होती. आपल्या बाजूची ही चूक त्यांनी मान्य केली.

कायद्याची बाजू नातीने समजावून दिली. महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या वॉरंटीच्या कार्डापुरती नाही. व्यक्त अथवा गर्भित करारानुसार मालाचा जो दर्जा राखावयास हवा, त्यात उणीव असेल तर तो दोष होय. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जाता येते. ग्राहक जेथे राहतो तेथेच ती दाखल करता येते. म्हणजे उंद्रीच्या माणसाने बुलढाण्यास जावे, कंपनीच्या महानगरात नव्हे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ऑनलाइन तक्रारीची सोयही आहे.

याचा अर्थ मुदतीनंतर प्रत्येक बिघाडाची भरपाई मिळतेच, असा नव्हे. वॉरंटी चालू असता वस्तू दाखवली की पुरते. ती संपल्यावर दोष मुळातच होता हे दाखविण्याचा भार ग्राहकावर येतो. युरोपीय संघातील देशांत विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी किमान दोन वर्षांची असते. आपल्याकडे टीव्हीसाठी अशी ठरावीक मुदत नाही. म्हणूनच कागद आणि पुरावा यांना मोल आहे.

अण्णांनी पत्र लिहिले. त्यात संताप नव्हता, तारखा होत्या. खरेदीचा दिवस, बिलाचा आणि संचाचा क्रमांक, बिघाडाचा दिवस, तंत्रज्ञाने संच न उघडता केलेले निदान, बॅटरीच्या उजेडात चित्र दिसत असल्याचे छायाचित्र आणि घरात वर्षभर स्टॅबिलायझर असल्याची पावती. मागणीही एकच होती: ‘संच उघडून लेखी निदान द्यावे आणि सदोष भाग विनामूल्य बदलावा.’ हे पत्र स्पीड पोस्टाने कंपनीस आणि प्रत विक्रेत्यास गेली. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवला.

एकोणीस दिवस गेले. मातोश्री रोज ठरल्या वेळी काळ्या पडद्यासमोर बसून ऐकत राहिल्या. मुलाने दोनदा चिखलीच्या कारागिराचे नाव काढले. अण्णाही एकदा डळमळले. विसाव्या दिवशी दुसरा, अधिक जाणता तंत्रज्ञ आला. त्याने संच उघडला. पॅनेल ठणठणीत होते. पट्ट्या गेल्या होत्या. ‘सद्भावनेपोटी’ भाग विनामूल्य देण्यात आले. मजुरीचे करासह १,७७० रुपये अण्णांनी भरले, पावती घेतली आणि दुरुस्तीची हमी तिच्यावर लिहून घेतली. आधीचे ५९० रुपये परत मिळाले नाहीत. हिशेब केला तर ३४,५०० रुपयांचे काम २,३६० रुपयांत झाले होते.

मजुरीही का द्यावी, यासाठी बुलढाण्याच्या आयोगाकडे जावे असे नातीला वाटत होते. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. अण्णांनी मात्र तेथे थांबण्याचे ठरविले. त्यांना दुसरे एक काम दिसत होते.

त्या आठवड्यात त्यांनी दुकानात एक लांबट वही घातली. गेल्या दोन वर्षांतील बिले काढून प्रत्येक पंख्याची, मिक्सरची, स्टार्टरची गॅरंटी कधी संपते ते महिन्यांप्रमाणे मांडले. आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ज्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपणार आहे त्यांना दुकानातून दूरध्वनी जातो. ‘वस्तू नीट चालते ना? आवाज, गरम होणे, काहीही असेल तर आताच घेऊन या.’ मुलाला आरंभी हा उद्योग नसता वाटला. स्वतःहून तक्रार ओढवून घेणारा दुकानदार त्याने पाहिला नव्हता.

पहिल्याच फेरीत एका शेतकऱ्याने उत्तर दिले, ‘चालते नं अण्णा पंखा, थोडकसा आवाज करते.’ अण्णांनी तो आणावयास लावला. बेअरिंग सदोष होते. मुदत संपण्यास तेवीस दिवस उरले असता कंपनीने पंखा बदलून दिला. ज्या बाईचा पंखा परत गेला होता तिचे नाव जुन्या बिलबुकात सापडते का, हे त्यांनी शोधून पाहिले. पण त्या काळची पुस्तके वाळवीने खाल्ली होती.

मातोश्रींच्या संचाची प्रखरता आता साठावर आहे. वळवाचे ढग गडगडू लागले की सूनबाई आधी प्लग काढते आणि मग छत्रीची वायर. चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी पडद्यावर महाराजांची मूर्ती स्पष्ट दिसली, तेव्हा मातोश्रींनी हात जोडले आणि इतके दिवस ऐकलेला आवाज कोणाचा, ते चेहरा पाहून ओळखले.