अश्रू नव्हेत, कर्ज : ‘श्यामची आई’ दाखवू पाहणाऱ्या भाच्यास पत्र

वर्धा, डिसेंबरचा पहिला आठवडा



साने गुरुजींच्या जयंतीला, म्हणजे २४ डिसेंबरला, आर्वी तालुक्यातील आपल्या शाळेत ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखवायचा आहे. तो आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा असावा की सुजय डहाके यांचा २०२३ सालचा, एवढाच प्रश्न चिरंजीवांनी विचारला आहे. परंतु त्याच पत्रात, चित्रपट पाहून मुले एकदा रडली की पुस्तक वाचून घेण्याचा खटाटोप वाचेल, असेही सहज लिहून टाकले आहे. त्या वाक्याने मावशीची झोप उडवली असून, उत्तर प्रश्नापेक्षा लांबणार आहे. मावशीची पत्रे लांबतात ही तक्रार घरात जुनीच आहे. ती यंदा मनात ठेवावी.

प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना १९५४ साली प्रारंभ झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला, म्हणजे एका मराठी चित्रपटाला, मिळाले. ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर झळकलेल्या वनमाला यांना कोकणातील ओढगस्तीच्या घरातील आई करणे हे दिग्दर्शकाचे धाडस होते आणि ते साधले, माधव वाझे यांचा हूड तरी हळवा श्याम आणि वसंत देसाई यांचे संगीत यांनी त्या चित्रपटाला घराघरांत नेले. अत्रे स्वतः हाडाचे शिक्षक व मुख्याध्यापक असल्यामुळे मुलांचे खोटे वागणे आणि खरे रडणे त्यांना ओळखता येत होते. डहाके यांचा चित्रपटही कृष्णधवल असून त्यात ओम भुतकर यांनी प्रौढ साने गुरुजी उभे केले आहेत. शाळेसाठी जुना चित्रपट घ्यावा, असा मावशीचा कौल आहे. मात्र तो पुस्तकाच्या जागी दाखवू नये, पुस्तकानंतर दाखवावा.

साहित्यकृती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना जे रूपांतर होते, त्याला अभ्यासक माध्यमांतर म्हणतात आणि त्यात काही गळणे अपरिहार्य असते. प्रश्न एवढाच की काय गळले हे पाहणाऱ्याला कळते की नाही. ‘श्यामची आई’ ही रूढ अर्थाने कादंबरी नाही, तर बेचाळीस रात्रींचे कथन आहे. प्रौढ झालेला श्याम आश्रमात सायंप्रार्थनेनंतर मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. सांगणारा, ऐकणारे आणि सांगण्याची वेळ यांच्या या मांडणीला कथनचौकट म्हणता येईल आणि हे पुस्तक तिच्यामुळेच उभे राहते. कारण आठवण कितीही दुःखाची असली तरी ती ऐकणारे सोबती तेथे बसलेले असतात आणि एका रात्री एकच आठवण सांगितली जाते.

या चौकटीचा एक धागा वर्ध्याशी जुळतो आणि त्याचा चिरंजीवांच्या पत्रात उल्लेखही नाही, याचे नवल वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ऐकणाऱ्यांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते आणि ती प्रवचने शब्दशः टिपून घेणारे साने गुरुजी होते. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि अवघ्या काही दिवसांत बहुतेक लिहून काढली. १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली. बोलणाऱ्याचा श्वास कागदावर धरण्याचा जो सराव धुळ्यात झाला, तोच या पुस्तकाच्या बोलक्या गद्यात उतरला असावा, असे मावशीचे मत आहे. विनोबांचा पवनार आश्रम आपल्याच जिल्ह्यात आहे. मुलांना एकदा तेथेही न्यावे.

आता मुख्य मुद्दा, ज्यावरून मावशीचे आणि चिरंजीवांच्या आईचे आयुष्यभर वाद झाले. ‘श्यामची आई’ हे अश्रूंचे पुस्तक नाही, ते कर्जाचे पुस्तक आहे. श्यामचे घराणे खोताचे, म्हणजे कोकणात गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे. ते भाऊबंदकीत आणि कर्जात खचत जाते. आई जे जे शिकवते ते या खचत्या घरात शिकवते, म्हणूनच त्या शिकवणीला वजन येते. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून ती मुलासाठी धोंडीवर पदर पसरते, हा प्रसंग सर्वांना पाठ असतो. परंतु वसुलीचा माणूस दारात बसून अपमान करतो आणि हीच सोशिक बाई संतापाने उभी राहते, हा प्रसंग किती जणांना आठवतो? प्रेम आणि हिशेब ही या घरातील दोन वेगळी प्रकरणे नाहीत.

हे केवळ मराठी घराचे वैशिष्ट्य नाही. वेल्समधील कोळसाखाणीच्या गावावरील रिचर्ड लुएलिन यांची ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ ही कादंबरी १९३९ साली आली आणि १९४१ साली जॉन फोर्ड यांनी हॉलिवूडमध्ये तिचा चित्रपट केला. महायुद्धामुळे वेल्सला जाणे अशक्य झाल्याने ते गाव कॅलिफोर्नियातील डोंगरांत उभारले गेले. ‘सिटिझन केन’सारखा प्रतिस्पर्धी असताना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याच चित्रपटाने घेतले. त्यातही प्रौढ झालेला मुलगा घराच्या आठवणी सांगतो, मात्र त्याचा फक्त आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. विशेष हे की आईची माया दाखवतानाच त्या चित्रपटाने मजुरीकपात, संप आणि त्यावरून बाप-लेकांत पडलेली फूट पडद्यावर ठेवली. माया दाखवायची आणि मजुरी लपवायची, अशी निवड करावीच लागते असे नाही. पडद्यावरील कथा पाहून फक्त आई आठवते आणि सावकार आठवत नाही, तेव्हा पाहणाऱ्यालाही काही दोष लागतो.

आणि येथेच मावशीचे विवेचन थांबते व काळजी सुरू होते. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्हा होता. चिरंजीवांच्या वर्गातील मुलांची माय कापूस वेचायला आणि निंदायला जाते, बाप सोसायटीच्या थकबाकीत असतो आणि त्यापलीकडे खासगी देणेही असते. पुस्तकातील एका रात्रीचे शीर्षकच कर्जाला जिवंतपणीचा नरक म्हणते. हे वाक्य कोकणातल्या श्यामने सांगणे वेगळे आणि आर्वीकडील एखाद्या मुलाने अंधारात एकट्याने ऐकणे वेगळे. आपला बाप कर्जात आहे म्हणजे तो अपराधी आहे, असे त्या मुलाने समजून घेतले तर? किंवा ज्याची आईच राहिलेली नाही अशा मुलाला शेवटचा भाग पाहताना कोण सावरणार?  

म्हणून वाचनाचा आग्रह आहे. वाचता वाचता शिक्षकाला थांबता येते. पाऊस कापसावर पडतो आणि भाव बाजारात पडतो, यात बापाचा गुन्हा नसतो, हे सांगता येते. मुलांना विचारू देता येते. सिनेमाचेच म्हणायचे तर, गांधीजींनी सेवाग्रामात राहत असतानाही त्याविषयी ममत्व दाखवले नाही. १९४४ साली जुहूला त्यांनी ‘मिशन टू मॉस्को’ हा अमेरिकी आणि ‘रामराज्य’ हा भारतीय असे दोन चित्रपट पाहिले, तेवढेच. मावशी तितकी कडक नाही, तिला वनमाला आजही आवडतात. पण सभागृहातील दिवे घालवून, मुलांना रडवून, मग ‘माझी आई’ या विषयावर निबंध लिहून घ्यायचा, या योजनेला तिचा सक्त विरोध आहे. दुसऱ्याच्या दुःखावर गुण देण्याचा अधिकार शाळेला नाही.

तेव्हा चिरंजीवांनी एवढे करावे. २४ तारखेपूर्वी रोज शेवटच्या तासाला एक रात्र मोठ्याने वाचावी आणि निवड करताना श्याम पोहायला शिकतो ती रात्र, वडील अळणी भाजी निमूट जेवतात ती रात्र आणि कर्जाची रात्र या तिन्ही घ्याव्यात. कर्जाच्या रात्री पालकांनाही बोलवावे. जयंतीच्या दिवशी अत्र्यांचा चित्रपट दिवे पूर्ण न घालवता दाखवावा, शेवटच्या भागात स्वतः मुलांमध्ये बसावे आणि दुसऱ्या दिवशी निबंध मुळीच लिहून घेऊ नये.

मावशीचे आशीर्वाद.