स्वातंत्र्यकवी गोविंद: ज्यांच्या कवितेत सरकारला युद्ध दिसले

१/ पु. ल. देशपांडे यांचे ‘सुंदर मी होणार’ हे नाटक मराठी रसिकांच्या परिचयाचे आहे. हे शीर्षक ज्यांच्या कवितेचे, ते नाशिकचे गोविंद त्र्यंबक दरेकर (१८७४–१९२६) मात्र विस्मृतीत गेले.

२/ गोविंद पायांनी पंगू होते. सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळ्या’चे ते कवी. उत्सवांत त्यांची पदे मेळ्यातील तरुण गात. हीच संघटना पुढे ‘अभिनव भारत’ म्हणून ओळखली गेली.

३/ १९०८ साली बाबाराव सावरकरांनी ‘लघु अभिनव भारत माला’ या पुस्तिकेत गोविंदांच्या कविता छापल्या. वरकरणी त्यांत पुराणातील आणि शिवकाळातील दाखले होते. न्यायालयाला त्यांत राजसत्तेविरुद्ध युद्धाची चिथावणी दिसली. जून १९०९ मध्ये प्रकाशक बाबारावांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

४/ हा खटला वरच्या न्यायालयाकडे सोपवणारे नाशिकचे कलेक्टर जॅक्सन. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९१० साली कान्हेरे फासावर गेले.

५/ नाशिकच्या क्रांतीची कथा बहुधा या गोळ्यांपासून सांगितली जाते. तिच्याआधीची ती लहानशी पुस्तिका वगळली, तर बाबारावांना शिक्षा कशासाठी झाली आणि जॅक्सनवरच रोष का होता, हे उलगडत नाही. परकीय सरकारने ज्या कवितांना एवढे गांभीर्याने घेतले, त्यांच्या कवीचे नाव स्वतंत्र देशाच्या स्मरणात असायला हवे.